चिठ्ठीत आलेली बाजू: शाळेतल्या एका वादविवाद गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका माध्यमिक शाळेतल्या वादविवाद गटाचं आहे. गटात १४ ते १६ वयाची २२ मुलं-मुली होती. आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर ९० मिनिटं आम्ही बसायचो, असं शाळेचं एक पूर्ण सत्र. मी त्या गटाची मार्गदर्शक शिक्षिका होते. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. ज्या तिघांबद्दल सविस्तर लिहायचं आहे त्यांना इथे 'अ', 'क' आणि 'न' म्हटलं आहे.

वादविवाद स्पर्धा शाळेत आधीपासून होती. विषय १५ दिवस आधी जाहीर व्हायचा, बाजू ज्याची त्याने निवडायची आणि ५ मिनिटांचं भाषण पाठ करून यायचं. बहुतेकांची भाषणं घरातल्या मोठ्यांनी किंवा आम्हा शिक्षकांनीच लिहून दिलेली असत. अनुकूल बाजूचा एक, मग प्रतिकूल बाजूचा एक, असे स्पर्धक आळीपाळीने उभे राहत. पण आधीचा वक्ता काय बोलून गेला याचा पुढच्याच्या भाषणात उल्लेखही नसे. सगळी भाषणं आधीच लिहून झालेली असल्यावर तो येणार तरी कुठून? स्पर्धेचं नाव वादविवाद असलं तरी तिथे चालायचं ते वक्तृत्वच.

त्या वक्तृत्वाला मी कमी लेखत नाही. भरल्या सभागृहासमोर उभं राहायचा धीर, स्पष्ट उच्चार, आवाजाचा चढउतार हे सगळं मुलांना त्यातूनच मिळालं होतं.

अडचण

शेवटच्या स्पर्धेचा विषय होता, 'शाळेत मोबाइलला पूर्ण बंदी असावी'. 'अ' अनुकूल बाजूने बोलला आणि पहिला आला. तो आमचा सर्वांत तयारीचा वक्ता होता. बक्षीस देण्याआधी परीक्षकांनी त्याला सहज विचारलं, "समोरच्या बाजूचा कुठला मुद्दा तुला सगळ्यात भक्कम वाटला?"

'अ' गप्प झाला. प्रतिकूल बाजूची नऊ भाषणं त्याच्यासमोर झाली होती आणि त्यातला एकही मुद्दा त्याला सांगता येईना. नंतर तो मला म्हणाला, "मॅडम, माझा नंबर येईपर्यंत मी माझंच भाषण मनात घोळवत होतो. आणि झाल्यावर सुटल्यासारखं वाटलं." तो खरं बोलत होता, आणि त्याला तसं करायला आम्हीच शिकवलं होतं. दोष त्याचा नव्हता.

त्यानंतर मी मुलांचे निबंध वेगळ्या नजरेने वाचू लागले. मतप्रधान निबंधात एकच बाजू, चढत्या आवाजात. दुसऱ्या बाजूने विचार करणारा एखादा शहाणा माणूस जगात असू शकतो, याची चाहूलही बहुतेक वह्यांमध्ये नव्हती. ज्या दोन-चार वह्यांत विरोधी मत आलं होतं, तिथे ते मुद्दाम दुबळं करून मांडलेलं होतं, म्हणजे एका फटक्यात पाडता यावं.

थोडक्यात, मुलं बोलायला शिकली होती, ऐकायला शिकली नव्हती.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आहे ती स्पर्धा तशीच ठेवून शेवटी प्रश्नोत्तरांची फेरी जोडायची. एका सहशिक्षकांनी तसं सुचवलंही. पण पाठ केलेल्या भाषणानंतरचे प्रश्नही पाठ होतात, हा माझा अनुभव होता. दुसरा पर्याय गटचर्चेचा. ती आम्ही दोन आठवडे करून पाहिली. चार-पाच बोलकी मुलं सगळा वेळ खाऊन टाकत आणि उरलेली मान डोलावत बसत.

तिसरा पर्याय औपचारिक वादविवादाचा. आम्ही जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेची पद्धत डोळ्यांसमोर ठेवली. ही स्पर्धा १९८८ पासून चालत आली आहे. दोन संघ, प्रत्येकी तीन वक्ते, प्रत्येकाला ८ मिनिटं. मग दोन्ही बाजूंचं ४-४ मिनिटांचं समारोपाचं भाषण, त्यात नवा मुद्दा आणायला मनाई. वक्त्याचं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरचा संघ उभा राहून छोटा प्रश्न विचारू शकतो. तो घ्यायचा की नाही हे वक्ता ठरवतो.

मला खरी भुरळ घातली ती तिथल्या गुणपत्रिकेने. १०० पैकी ४० गुण आशयाला, ४० शैलीला आणि २० व्यूहाला. व्यूह म्हणजे समोरच्याच्या कळीच्या मुद्द्याला हात घातला का, वेळ नेमका कुठे खर्च केला. आमच्या जुन्या गुणपत्रिकेत उच्चार, हावभाव, पाठांतर, सभाधीटपणा आणि आशय असे पाच रकाने होते, सगळ्यांना सारखे गुण. म्हणजे पाचपैकी चार रकाने सादरीकरणाचे. मुलं काय शिकणार हे त्या कागदानेच आधी ठरवून टाकलं होतं.

राहिला प्रश्न बाजूचा. ती निवडू द्यायची की चिठ्ठी टाकायची? इथे शिक्षकांच्या खोलीत बराच खल झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची हरकत मनापासूनची होती. त्या म्हणाल्या, "मुलं दोन्हीकडून बोलायला शिकली की त्यांना स्वतःचं असं मत उरणार नाही. पोपटासारखी बोलतील, आज इकडून, उद्या तिकडून." ही भीती मी झटकून टाकू शकले नाही, आजही टाकत नाही. पण आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांची रीत मला आठवत राहिली. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आणि तेही त्याला स्वतःला मान्य होईल इतकं नीट मांडायचं. मग उत्तरपक्ष, मग सिद्धांत. पूर्वपक्ष नीट मांडणाऱ्याचं स्वतःचं मत पुसलं जात नाही, ते तावूनसुलाखून निघतं. शेवटी चिठ्ठीचा निर्णय झाला. सोबत एक अट घातली: प्रत्येक वादानंतर १० मिनिटं, ज्यात प्रत्येकाने चिठ्ठी बाजूला ठेवून स्वतःचं खरं मत सांगायचं.

काय केलं

पहिल्या तासाला एकही भाषण नव्हतं. मी फळ्यावर २, ४, ६ हे तीन आकडे लिहिले आणि सांगितलं, "हे एका नियमाने आले आहेत. तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, ते नियमात बसतात की नाही ते मी सांगेन. खात्री पटली की नियम सांगा." मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली हा प्रयोग मांडला होता. मुलांनी ८, १०, १२ विचारलं. मग २०, २२, २४. मग १००, १०२, १०४. सगळ्यांना "बसतात" असं उत्तर मिळालं आणि "दोन-दोनने वाढणारे सम आकडे!" असा जल्लोष झाला. तो नियम नव्हता. नियम एवढाच होता की प्रत्येक पुढचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा असावा. १, २, ३ विचारून आपलाच अंदाज मोडून पाहावा, हे फारच थोड्यांना सुचलं. आपल्याला पटलेल्या गोष्टीला दुजोरा शोधत राहायचं, ती मोडते का हे पाहायचंच नाही, ही माणसाची खोड मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पुढे सत्रभर "एक-दोन-तीन विचार ना!" हा गटाचा परवलीचा शब्द झाला.

पुढचे तीन आठवडे फक्त टिपणाचे. आडवा कागद, त्यावर प्रत्येक वक्त्यासाठी एक उभा रकाना. पहिल्याचा मुद्दा पहिल्या रकान्यात लिहायचा, त्याला दुसऱ्याने दिलेलं उत्तर शेजारी त्याच ओळीत, आणि बाणाने जोडायचं. भाषण संपल्यावर ज्या मुद्द्यापुढची जागा रिकामी, त्याला कुणी उत्तर दिलेलं नाही. वाद कुठे जिंकला-हरला जातोय ते कागदावर उघडं दिसतं. सुरुवातीला मुलं वाक्यच्या वाक्य उतरवून घ्यायची आणि तिसऱ्या मिनिटाला मागे पडायची. हळूहळू एका मुद्द्याला चार-पाच शब्द पुरू लागले. चार शब्दांत लिहायचं तर मुद्दा समजावाच लागतो, ही गोष्ट मला त्यांच्याबरोबरच उमगली.

पाचव्या आठवड्यापासून प्रत्यक्ष वाद सुरू झाले. वेळ अर्ध्यावर आणला, भाषणाला ४ मिनिटं आणि समारोपाला २. एक नियम आमच्या पदरचा: खंडन करण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा आणि त्याच्याकडून मानेने होकार घ्यायचा. "नाही, मी तसं म्हटलं नाही" असं उत्तर आलं तर पुन्हा सांगायचं. तेवढा वेळ घड्याळ थांबलेलं.

'क'बद्दल इथे सांगायला हवं. वर्गात स्वतःहून एक शब्द न बोलणारी मुलगी. तिच्या पहिल्या भाषणात एक मिनिटही भरलं नाही. पण तिचा टिपणाचा कागद मी घरी नेऊन दोनदा वाचला. सहा वक्त्यांचा सगळा वाद त्यावर होता आणि कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला तिथे तिने छोटा गोल काढला होता. आठव्या आठवड्यात तिने विचारलं, "मॅडम, मी फक्त समारोप केला तर चालेल का?" सगळ्यांनी सगळ्या भूमिका करायच्या असा आमचा नियम होता. मी तो तिच्यासाठी सैल केला. तिचा समारोप कागदात बघून, सपाट आवाजात झाला. पण "हा वाद तीन प्रश्नांवर उभा होता, त्यातल्या दोघांना समोरून उत्तर आलेलं नाही" असं तिने म्हटलं तेव्हा समोरच्या संघातल्या मुलाने स्वतःच्या कागदाकडे पाहिलं आणि मान हलवली.

पहिला पेच: बनावट आकडा

ठराव होता, 'मतदानाचं वय १६ करावं'. अनुकूल संघाने ऑस्ट्रियाचं उदाहरण शोधून आणलं होतं. तिथे २००७ साली हे वय १६ वर आणलं गेलं. उदाहरण पक्कं होतं. प्रतिकूल संघाचा दुसरा वक्ता गडबडला आणि त्याने ठोकून दिलं, "एका संशोधनानुसार ७३ टक्के मुलांना राजकारणात रसच नसतो." समोरून प्रश्न आला नाही. परीक्षक म्हणून बसलेल्या मुलांनी आशयाला भरघोस गुण दिले. नंतर मी विचारलं तेव्हा त्याने लगेच कबूल केलं, आकडा त्याच क्षणी सुचला होता.

हा माझ्या दृष्टीने सत्रातला सर्वांत गंभीर क्षण होता. आपण मुलांना विचार करायला शिकवतोय की रेटून खोटं बोलायला? गुण कापून मोकळं होता आलं असतं. मी पुढचा अख्खा तास याच विषयाला दिला. तासाअखेर मुलांनीच नियम केला: आकडा सांगितला तर तो कुणी, कधी, कशावरून काढला हे विचारायचा समोरच्याला हक्क आहे, आणि उत्तर नसेल तर आकडा खोडलेला समजायचा. आकड्याशिवायही कारणमीमांसा मांडता येते, हे त्यांना तेव्हा कळलं. गंमत म्हणजे त्याच मुलाचं पुढचं भाषण त्याचं सत्रातलं सर्वांत चांगलं भाषण ठरलं. त्यात एकही आकडा नव्हता.

दुसरा पेच: वितंडा

नवव्या आठवड्यात तक्रारी येऊ लागल्या. विज्ञानाच्या शिक्षकांना मुलं प्रत्येक वाक्याला "पुरावा काय?" विचारू लागली होती. एका आईने सांगितलं, "हा घरात साध्या बोलण्यातही चुका काढत बसतो." चूक माझी होती. मी सगळं बळ खंडनावर लावलं होतं.

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणून घेण्यासाठी होतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छलही करून होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याचं पाडत राहायचं, ती वितंडा. वितंडवाद हा शब्द मुलांना ठाऊक होता, पण तो भांडणाला दिलेलं दूषण म्हणून. या तिन्हींतला भेद फळ्यावर मांडल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आम्ही तिसरं करतोय."

मग गुणपत्रिका पुन्हा बदलली. व्यूहाच्या २० गुणांपैकी निम्मे समोरच्याचा योग्य मुद्दा मान्य करण्याला दिले. "हे तुमचं बरोबर आहे, तरीही..." या वाक्याला गुण मिळू लागले. मुलांना आधी ते शरणागतीसारखं वाटलं. दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या ध्यानात आलं की एक मुद्दा मोकळेपणाने सोडणाऱ्या वक्त्याच्या उरलेल्या मुद्द्यांवर ऐकणारा जास्त विश्वास ठेवतो. घरच्या तक्रारी कमी झाल्या, थांबल्या मात्र नाहीत.

तिसरा पेच: 'न'ची हरकत

ठराव होता, 'वृद्धांची काळजी घेणं ही कुटुंबापेक्षा शासनाची जबाबदारी असावी'. 'न'ला अनुकूल बाजू आली. तिने बाजू बदलून मागितली. मी म्हटलं, "वाद तो वाद, मनावर घ्यायचं नाही." ती बोलली, नीट बोलली आणि घरी जाऊन रडली. तिची आजी अनेक महिने अंथरुणाला खिळून होती आणि आई दिवसरात्र तिचं करत होती. हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांच्या फोनवरून कळलं. ते चिडले नव्हते. एवढंच म्हणाले, "तुम्ही तिला एकदा विचारायला हवं होतं."

विचारायला हवं होतं. मी 'न'ची माफी मागितली. त्यानंतर असा नियम केला की कुणीही, कारण न सांगता, सत्रातून दोनदा ठराव नाकारू शकेल, आणि ते चिठ्ठीवर लिहून मला एकटीला द्यायचं. तो हक्क सत्रभरात मोजक्याच जणांनी वापरला. पण तो आहे हे कळल्यावर मुलं अवघड ठरावांना उलट जास्त मोकळेपणाने भिडली. 'न' गटात राहिली. नंतर एकदा तिने सांगितलं की त्या भाषणाच्या तयारीत पहिल्यांदा तिला वाटलं, आईला मदत मागायचा हक्क आहे. एवढ्यावरून माझी चूक योग्य ठरत नाही.

काय साधलं, काय नाही

सत्र संपताना २२ पैकी १७ जण उरले. सुरुवातीला लिहून घेतलेला मोबाइलबंदीचा निबंध आम्ही शेवटी पुन्हा लिहून घेतला. या वेळी निम्म्याहून जास्त वह्यांत विरोधी मत नीट मांडलेलं होतं आणि त्याला उत्तरही होतं. काहींनी मतच बदललं. सरसकट बंदीऐवजी तासिकांपुरती बंदी असावी, असं लिहिताना आपण आधी काय म्हणत होतो हेही त्यांनी नोंदवलं. हे सगळं वादविवादामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. मुलं तेवढ्या महिन्यांनी मोठी झाली होती, आणि टिकून राहिली ती मुळातच आवड असलेली. पण खंडनाआधी पूर्वपक्ष सांगायची सवय निबंधात जशीच्या तशी उतरली होती, "असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की" या शब्दांसकट. ती दुसरीकडून आली असण्याची शक्यता कमी आहे.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची भीती खरी ठरली का? त्या शेवटच्या १० मिनिटांकडे मी लक्ष ठेवून होते. मुलांना स्वतःची मतं होती आणि ती ठामपणे सांगत. फरक पडला तो कारणांमध्ये. दोघा-तिघांच्या बाबतीत मात्र मला तो पोपटपणा दिसला: कोणत्याही बाजूने तितक्याच सफाईने बोलणं आणि खरं मत विचारलं की खांदे उडवणं. त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

'क' धाराप्रवाह बोलू लागली नाही. शैलीचे तिचे गुण शेवटपर्यंत कमीच राहिले. पण इतिहासाच्या तासाला तिने हात वर करून "या घटनेचं दुसरं कारण असू शकेल का?" असं विचारल्याचं त्या शिक्षकांनी मला मुद्दाम येऊन सांगितलं.

आणि 'अ' सहाव्या आठवड्यात गट सोडून गेला. पहिले दोन्ही वाद तो हरला होता. त्याचा आवाज, त्याची लय तशीच होती, पण समोरून आलेल्या प्रश्नाने पाठ केलेली लय तुटली की त्याला पुढचं सुचत नसे. सोडताना म्हणाला, "मला जे येतं त्याला आता इथे किंमत नाही." ज्या प्रसंगावरून हे सगळं सुरू झालं, तो ज्याच्यावर बेतला, त्यालाच या बदलातून काही मिळालं नाही. याची रुखरुख मला आहे.

पुन्हा करायचं झालं तर

'अ'ला मी आधी एकट्याला बसवून नवी गुणपत्रिका दाखवेन. शैलीला अजूनही ४० गुण आहेत हे मी त्याला कधी नीट सांगितलंच नाही. त्याला सुरुवातीला संघातला पहिला वक्ता करेन, कारण अनुकूल बाजूच्या पहिल्या भाषणात खंडन नसतं आणि तयारीला पूर्ण वाव असतो. प्रश्न घ्यायची सवय वादाबाहेर, दोघा-तिघांतच लावेन. पाठांतराकडून खंडनाकडे जाताना मधे पायरी लागते, ती मी ठेवलीच नव्हती.

योग्य मुद्दा मान्य करण्याचे गुण पहिल्या वादापासून असतील. ठराव नाकारायचा हक्क पहिल्या दिवशी सांगितला जाईल. घरच्यांना सुरुवातीलाच एका वादाला बोलावेन, म्हणजे मुलगा घरी "तुझा मुद्दा मी नीट समजून घेतला का?" असं विचारू लागला तर त्यांना तो उद्धटपणा वाटणार नाही.

टिपणाला तीनऐवजी चार आठवडे देईन. आणि 'क' परत आली तर तिला विचारेन की नव्या मुलांना तो आडवा कागद कसा भरायचा हे ती दाखवील का. नको म्हणाली तर तिचा जुना कागद, तिच्या परवानगीने, भिंतीवर लावेन.